पाच मिस्काल केशर

आधीच सांगून टाकतो, मी संशयी माणूस आहे. कुमुद, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगत सुटते की सप्तपदीच्या वेळी हे पावलं मोजत होते. साफ खोटं. भटजींनी सहाच घातली की काय असं वाटलं म्हणून मी एकदा विचारलं, एवढंच.

आणि का नसावं संशयी? तीस वर्षं मी ह्या सिंगापूरच्या बंदरात कार्गो सर्व्हेअर होतो. जहाज आलं की कागदावर माल किती, आत प्रत्यक्षात किती आणि मधला कुठे गेला, हे शोधायचं माझं काम. लोक माल खातात हो! सरळ तोंड करून, वर आपल्याला चहा पाजून खातात. एकदा साखरेची चार हजार पोती आली होती आणि प्रत्येक पोत्यात बरोबर दोनशे ग्रॅम कमी. सगळे म्हणाले, साहेब, तुमचा काटा बिघडलाय, चोर काय असा सारखा चोरतो का? मी म्हटलं, थांबा. तिसऱ्या दिवशी गोदामातल्या मुकादमाकडे एक पोकळ सळई सापडली. पोत्यात एकदा खुपसायची, दोनशे ग्रॅम साखर बाहेर. ती सळई माझ्या डोक्यातून कधी गेली नाही, आणि पुढे जे झालं त्यात तिचा मोठा हात आहे.

रिटायर झालो म्हणून सवय जाते थोडीच? मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चौदाव्या मजल्यावर, खिडकीपाशी माझं टेबल आहे. समोर समुद्रात नांगरलेली जहाजं, टेबलावर जवाहिऱ्याकडे असतो तसला डिजिटल काटा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. दर रविवारी प्रमाणित वजनं ठेवून मी तो तपासतो. घरात आलेली लसूणसुद्धा त्याच्यावर चढते. खाली मार्केटातला मासेवाला अंकल मला बघितलं की आपण होऊन दोन कोलंब्या जास्त टाकतो आणि चिनीत काहीतरी पुटपुटतो. कौतुक नसावं.

तर ही २०१७ सालची गोष्ट. आमची एकुलती एक अवनी तेव्हा एकोणतीस वर्षांची. इथेच वाढलेली, इथेच एका विमा कंपनीत नोकरी. आम्ही दाखवलेल्या प्रत्येक मुलाला तिने नाक मुरडलेलं. आणि एक दिवस आपण होऊन घरी घेऊन आली तो संकेत. रेवदंड्याचा मुलगा, जहाजावर सेकंड इंजिनिअर. मित्राच्या घरी कुठल्याशा वाढदिवसाला भेटले म्हणे. पोरगी त्याच्याशी फोनवर बोलताना अशी हसायची की कुमुद स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसायची. साखरपुडा ठरला. त्याचे आईवडील गावाहून येणार होते, शेजारच्या कॉन्डोतला हॉल मिळाला होता, सगळं छान चाललं होतं.

मला मात्र तो मुलगा पटत नव्हता. का विचाराल तर, खोट सापडत नव्हती म्हणून! आला की चपला सरळ लावून ठेवायचा. आमचा गळका नळ एकदा न सांगताच दुरुस्त करून गेला. मी काहीही बोललो की "हो काका". मी म्हटलं, "कुमुद, इतका गुणी माणूस मी बंदरात तीस वर्षांत पाहिला नाही. काहीतरी पाणी मुरतंय."

"तुमच्या डोक्यात मुरतंय," ती म्हणाली.

साखरपुड्याच्या दोन आठवडे आधी संकेतचं जहाज इराणच्या बंदर अब्बासहून सिंगापूरला आलं आणि तो इथे सुट्टीवर उतरला. पुंगोलला मित्राकडे राहिला. पहिल्याच रविवारी आमच्याकडे जेवायला आला तो केशर घेऊन. पत्र्याच्या चार गोल डब्या, त्यांच्यावर फारसी अक्षरं. साखरपुड्याच्या श्रीखंडासाठी कुमुदने केशर लागेल म्हटलं होतं, तर ह्याने तिथल्या बाजारातून थेट आणलं.

"प्रत्येकात पाच मिस्काल आहे, काका," तो म्हणाला. "तिकडे केशर अजून मिस्कालवरच विकतात. दुकानदार म्हातारा होता, किलो-ग्रॅमचं नाव काढलं तर रागवायचा."

मी डबी हातात घेऊन फिरवली. कंपनीचा कागदी पट्टा फाटलेला, आणि त्याच्यावरून निळी टेप गुंडाळलेली. इंजिनरूममध्ये वायरींना लावतात ना, ती.

"हे कोणी उघडलं?"

"बंदराच्या गेटवर पोलिसांनी, काका. आत काय आहे बघायला. मग इथल्या दमट हवेत खराब होऊ नये म्हणून मी टेप लावली."

उत्तर तयार होतं. फारच तयार होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

सोमवारी सकाळी कुमुद देवळात गेली तेव्हा मी डब्या खाली काढल्या. मिस्काल मला नवं नव्हतं. सत्त्याहत्तर साली मी शिकाऊ असताना आमचं जहाज खोर्रमशहरला दीड महिना अडकलं होतं. तिथल्या एका हिशेबनीसाने मला इराणी वजनं शिकवली होती, आणि मी ती माझ्या वहीत उतरवून घेतली होती. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. एक मण म्हणजे तीन किलो. मणाचे चाळीस सीर, एका सीराचे सोळा मिस्काल. म्हणजे मणाचे सहाशे चाळीस मिस्काल. तीन हजार ग्रॅमला सहाशे चाळीसने भागलं, मिस्काल पडला चार पूर्णांक एकोणसत्तर ग्रॅमचा. पाच मिस्काल म्हणजे २३.४४ ग्रॅम. दोनदा भागाकार केला.

मग टेप सोडवली, कागदावर केशर ओतलं, काट्यावर ठेवलं. २३.०४.

दुसरी डबी. २३.०४. तिसरी, तीच. चौथी, तीच.

माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो. प्रत्येक डबीत चाळीस शतांश ग्रॅम कमी. चाळीस शतांश म्हणजे एक चांगली भरघोस चिमूट. आणि दमट हवेत केशर ओल धरतं, त्याचं वजन वाढायला हवं, घटायला नको! एखादा गबाळा चोर असता तर एका डबीतून जास्त, दुसरीतून कमी घेतलं असतं. हा सारखं घेणारा होता. हा इंजिनिअर होता. मला ती पोकळ सळई डोळ्यांसमोर दिसली.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढलाच. कुमुदने वाढायचा चमचा खाली ठेवला.

"अहो, होणाऱ्या जावयाने हौसेने आणलेलं मोजलंत? लाज कशी नाही वाटली?"

"लाज त्याला वाटायला हवी. एकेक चिमूट काढलीय त्याने. चारही डब्यांतून."

"बाबा, कमॉन लाह," अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "दीड ग्रॅम केशर. कोण चोरतं दीड ग्रॅम?"

"तेच तर! मोठी चोरी करणारा एकदा करतो आणि पकडला जातो. चिमूट घेणारा जन्मभर घेतो, आणि आपल्याला कळतही नाही. असा माणूस तू घरात आणणार आहेस. आणि मी सांगतोय ते पुराव्याने सांगतोय. सगळं मोजलेलं आहे, हे बघ." मी वही तिच्यापुढे केली.

तिने वहीकडे बघितलं नाही. "इट्स ओन्ली केशर, लाह," एवढं म्हणाली आणि भात चिवडत बसली. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "किती कमी आहे म्हणालात? प्रत्येकात?"

"शून्य पूर्णांक चाळीस."

कुमुदने मला शपथ घातली. "कुणा माहितगार इराण्याला विचारून खात्री करा. तोपर्यंत त्या मुलाला अवाक्षर बोलायचं नाही. ह्या आकड्यांपायी पोरीचं ठरलेलं मोडलं ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही." मी कबूल केलं. तिसऱ्या माणसाची साक्ष घेतल्याशिवाय मी नोकरीतही कधी रिपोर्ट दिला नव्हता.

बुधवारी संकेत पुन्हा जेवायला आला. मी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, चांगला तीन-चार मिनिटं तिथे होता. कुमुदला भांडी पुसायला मदत करत होता म्हणे. डब्या तिथेच वरच्या फळीवर होत्या. गुरुवारी सकाळी मी उठल्या उठल्या चारही डब्यांतलं केशर काट्यावर चढवलं.

२३.४४. २३.४४. २३.४५. २३.४४.

"कुमुद!" मी ओरडलो. "इकडे ये! भरलं! परत आणून भरलं त्याने!"

ती पोळ्या सोडून पिठाच्या हातांनी आली. आकडे बघितले. तिचा चेहरा उतरला.

"अवनीने सांगितलं असणार त्याला," मी म्हटलं. "आणि काल येऊन गुपचूप भरून गेला. आता बोल. चोरलं नसतं तर भरलं कशाला असतं?"

ती पिठाचे हात पुसत पोळ्यांकडे परत गेली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या संशयावर कुमुदकडे उत्तर नव्हतं, आणि मला मेल्याला त्याचा आनंद झाला. हो, झाला. आता लपवून काय उपयोग?

अवनीला मी काही म्हटलं नाही. तिला तोंडावर पुरावा द्यायचा, तोही तिऱ्हाइताच्या सहीचा, असं मी ठरवलं होतं. आता पाच मिस्काल पुरे आहेत हे सिद्ध झालं, की सोमवारी कमी होते हेही आपोआप सिद्ध. शनिवारी दुपारी एक डबी खिशात घालून बसने अरब स्ट्रीटला गेलो. तिथे गालिच्यांच्या दुकानांच्या रांगेत एक इराणी म्हातारा केशर आणि सुका मेवा विकतो असं ऐकून होतो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोलीच. म्हातारा ऐंशीचा असेल. फर्रुख नाव. मी डबी पुढे ठेवली आणि इंग्रजीत म्हटलं, "ही पाच मिस्कालची आहे. बरोबर पाच मिस्काल भरली आहे, एवढं मला लिहून द्या."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मला बरं वाटलं, आपल्यातला वाटला. मग त्याने ड्रॉवरमधून लाकडी पेटी काढली. आत मखमलीत पितळी वजनं, अगदी हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या वजनापासून. दोन पारड्यांचा छोटा तराजू. एका पारड्यात एकेक मिस्कालची पाच वजनं ठेवली, दुसऱ्यात माझं केशर.

केशराचं पारडं खाली गेलं.

"जास्त आहे," तो म्हणाला.

"शक्यच नाही. तुमची वजनं झिजली असतील."

तो चिडला. "माझ्या वडिलांची आहेत, सोन्यासाठी वापरायचे. मिस्काल चार पूर्णांक सहाशे आठ. इराणात कुठल्याही सोनाराला विचारा."

मी खिशातून वही काढली. मण तीन किलो, सहाशे चाळीस मिस्काल, भागिले, सगळं दाखवलं. त्याने चष्मा वर सरकवून वाचलं आणि हसायलाच लागला.

"हा कुठला मण लिहून आणलात? तबरीजचा? तबरीजचा जुना मण तीन किलोला पन्नास ग्रॅम कमी. पुढे सरकारने किलो आणले, तेव्हा लोकांच्या सोयीसाठी मणाचे तीन किलो पुरे करून टाकले. बंदरात, धान्याला, कोळशाला ठीक आहे. पण सोनं आणि केशर कोण असं पुरं करून देतो? मिस्काल जुनाच राहिला." आता तो रंगात आला होता. "आणि नशीब तुमचं, तबरीजचा मण मिळाला. इस्फहानला शाही मण, तो दुप्पट. रे शहराचा मण त्याच्याही दुप्पट. खाली बुशहरकडे पन्नास किलोच्या वरचा मण असतो. माझी आई तबरीजची, वडील इस्फहानचे. आई म्हणायची एक मण तांदूळ आणा, वडील त्यांचा एक मण आणायचे, तो आईच्या हिशेबाने दोन मण भरायचा. दोघंही बरोबर, आणि दोघंही भांडायचे. साहेब, आमच्याकडे मण म्हटला की आधी विचारायचं, कुठला?"

मी मनात गुणाकार केला. चार पूर्णांक सहाशे आठ गुणिले पाच. तेवीस पूर्णांक शून्य चार.

सोमवारी माझ्या काट्यावर आलेला आकडा अगदी बिनचूक होता. म्हाताऱ्या दुकानदाराने पाच मिस्काल म्हणून पाचच मिस्काल दिले होते, आणि पोराने डबी जशीच्या तशी आमच्या घरी पोचवली होती. चाळीस वर्षांपूर्वी एका शिकाऊ पोराने वहीत जे लिहिलं, त्यावर मी माणूस चोर ठरवून मोकळा झालो होतो.

फर्रुखने मात्र एव्हाना चिमटीत काड्या घेतल्या होत्या. "हे बघा. बहुतेक सगळं पूर्ण लाल, खुरासानी, उत्तम. पण थोड्या काड्यांना पिवळी शेपटी आहे. हे दुसरं केशर. वरून कोणीतरी घातलंय. ही असली काडी इथे लिटल इंडियात एकेक ग्रॅमच्या डबीत मिळते."

मी आकडा बघत होतो, केशर कुठे बघत होतो? त्याचे आभार मानून मी बाहेर पडलो. लिहून घ्यायचं काही राहिलंच नव्हतं.

बसमध्ये आधी स्वतःला चार शिव्या हासडल्या. मग जीव भांड्यात पडला. पोरगा निर्मळ होता! अवनीचं सगळं नीट होणार होतं! पण डोक्यात भुंगा लागलाच. काढलं कोणी नाही, तर घातलं कोणी? संकेतने घातलं नसणार, इतकं उत्तम केशर आणणारा वर पिवळी शेपटी कशाला घालेल? म्हणजे कुमुद. माझं तोंड बंद करायला कुमुदने घातलं. वा गं वा, आणि गुरुवारी चेहरा पाडून उभी राहिली, नाटकी कुठली! मला हसू फुटलं. शेजारची चिनी आजी सरकून बसली.

घरी पोचलो तर संकेत आलेला. हॉलमध्ये खुर्च्या कशा मांडायच्या ह्याचा कागद टेबलावर पसरून तो आणि अवनी बसले होते. कुमुद चहा घेऊन येत होती. मी चपलाही सरळ काढल्या नाहीत.

"संकेत," मी म्हटलं, "मला माफ कर बाबा. मी तुला चोर समजत होतो."

तो उभाच राहिला. "म्हणजे?"

कुमुद डोळे मोठे करून मला खुणावत होती. पण मला त्या क्षणी कोण थांबवणार? चूक कबूल करायची म्हणजे माझ्या मते सगळी करायची, आकड्यांसकट. मी वही, मण, तबरीज, फर्रुख सगळं सांगून टाकलं. संकेत ऐकत होता आणि शेवटी चक्क हसला. "काका, आधी विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं. त्या दुकानदाराने मला अर्धा तास हेच समजावलं होतं."

"चुकलो, शंभरदा चुकलो. पण एक सांग," मी हसत कुमुदकडे वळलो, "ते वरचं चाळीस शतांश घातलंस तूच ना? बरोबर मोजून! माझ्याच काट्यावर!"

"मी?" कुमुद म्हणाली. "मी कशाला घालू? मला वाटलं..." आणि तिने जीभ चावली.

मी संकेतकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो अवनीकडे बघत होता. अवनी खुर्च्यांच्या कागदावर पेन्सिलीने एकाच चौकोनात रेघा ओढत होती.

"तू घातलंस?" त्याने विचारलं.

"बाबा थांबतच नव्हते," ती म्हणाली. "यू डोन्ट नो हिम. ते सगळ्यांना सांगत सुटले असते. तुझ्या आईसमोर बोलले असते. म्हणून मी..."

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी संध्याकाळी आपण ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर बसलो होतो. दोन तास." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तेव्हा केशर तुझ्या पर्समध्ये होतं?"

तिने मान हलवली. हो.

"मी काढलं असं वाटलं तुला?"

"आय डोन्ट नो. बाबांनी मोजलं होतं. आकडा होता ना... मला वाटलं, घेतलं असेल चिमूटभर, कुणाला द्यायला वगैरे. सो व्हॉट. मला चाललं असतं, संकेत. म्हणूनच भरलं ना मी. तुझ्यासाठी."

"अगं, पण मी घेतलंच नव्हतं."

मी मधे पडलो. "अरे, चूक माझी आहे, तिची नाही. मी मोजलं—"

"तुम्ही मोजलंत त्याचं मला काही वाटत नाही, काका. जहाजावर मीही रोज तेलाच्या टाक्या मोजतो." तो पुन्हा तिच्याकडे वळला. "तू मला एका वाक्यात विचारलं असतंस तर मी हसलो असतो, नाहीतर रागावलो असतो, आणि विषय संपला असता. तू मनात ठरवलंस, माझ्या नावावरची चोरी पोटात घातलीस आणि दोन तास माझ्याशी गोड बोललीस. मला काही कळलंसुद्धा नाही. मी सहा-सहा महिने समुद्रावर असणार, अवनी. तिकडे कोण काय सांगेल, तुला काय वाटेल, आणि मी परत येईन तेव्हा तू अशीच हसत दारात उभी असशील. मला कधी कळायचं? मला हे नाही झेपणार."

अवनी रडत होती. "सॉरी म्हटलं ना," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झाला आणि थांबला. चहा त्याने तसाच उभ्याने प्यायला, कारण कुमुदने केलेला होता. कप विसळून ठेवला. "आईबाबांना मी आज फोन करतो, येऊ नका म्हणून," असं कुमुदला हळूच सांगितलं आणि वाकून तिला नमस्कार केला.

मी त्याच्यामागे लिफ्टपर्यंत धावलो. साठी उलटलेला माणूस, एका पायात चप्पल. "अरे संकेत, ऐक तरी. एवढ्याशा गोष्टीवरून? सगळी चूक माझी आहे रे!"

लिफ्ट आली. तो आत गेला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुमची चूक दीड ग्रॅमची आहे. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

दार लागलं. मी तिथेच उभा राहिलो. शेजारचे बाहेर आले, काय झालं विचारायला लागले, मी काही नाही म्हटलं.

घरात आलो तर कुमुदने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. तिने शब्द खरा केला. पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अवनी माझ्या टेबलापाशी बसली होती. तीन डब्या उघडलेल्या, आणि माझ्या खिशातली चौथीसुद्धा तिने मागून घेतली. आयब्रोचा चिमटा घेऊन ती केशरातून एकेक काडी वेचत होती. पिवळी शेपटी दिसली की बाजूला.

"काय करतेयस गं?"

"त्याचं त्याला परत द्यायचंय. त्याचं जेवढं होतं तेवढं."

मी तिच्या शेजारी बसलो. खिडकीबाहेर जहाजांवर दिवे लागायला लागले होते. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हटलं, "मी तुझं वाटोळं केलं, अवनी."

"तुम्ही निदान मोजलंत तरी," ती म्हणाली. डोळे पुसले नव्हते, पण आवाज साधा होता. "मी तेही केलं नाही. तुम्ही म्हणालात, मी मानलं. त्याला विचारावं हे डोक्यातच आलं नाही, बाबा. आपल्या घरात कधी कोणी कोणाला विचारलंय? तुम्ही मोजता, आई सांभाळून घेते. मी दोन्ही शिकले."

मी टेबलावरचा दिवा तिच्याजवळ सरकवला.

बराच वेळ ती वेचत राहिली. एकेका डबीतलं केशर काट्यावर ठेवायची, एखादी काडी काढायची, पुन्हा ठेवायची. शेवटची झाल्यावर तिने काटा माझ्याकडे फिरवला.

"बघा बरोबर आहे का," ती म्हणाली.

आणि देवाशपथ सांगतो, माझी नजर आधी आकड्यावर गेली, मग तिच्या तोंडाकडे.